उडीच्या घोड्याचा शोध : ग्रामीण खरेदीदाराने काय पाहावे



हुबळी-धारवाड ह्या जोडशहरांच्या परिसरात चांगली दुभती म्हैस हवी असेल, तर ती कोणत्या गावी, कोणत्या गवळ्याकडे मिळेल हे सांगणारी माणसे दहा भेटतात. वरातीसाठी सजविलेला घोडा हवा असेल, तर त्याचाही पत्ता लागतो. परंतु काठ्यांचे अडथळे सफाईने ओलांडणारा, स्पर्धेच्या मैदानात उतरविता येईल असा घोडा विकत घ्यावयाचा म्हटले की, सांगणाऱ्यांची मती कुंठित होते. याचे कारण उघड आहे. ग्रामीण भागात असा घोडा 'उडीचा घोडा' म्हणून कोणाच्याही दारी बांधलेला नसतो. तो असतो तेव्हा दुसऱ्याच कोणत्या तरी नावाने व दुसऱ्याच कामाला जुंपलेला असतो. पुष्कळदा त्याच्या धन्यालाही त्याच्या अंगच्या गुणाची कल्पना नसते. तो ओळखावा कसा व त्याचा व्यवहार करावा कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ह्या खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मैदानावर ठरावीक क्रमाने अडथळे मांडलेले असतात. ते सर्व नेमलेल्या वेळात पार करावयाचे असतात. काठी पडली की चार दोष, घोडा अडथळ्यापुढे अडला की पुन्हा चार दोष, आणि ज्याचे दोष कमी तो विजयी, असा हा हिशेब आहे. नवशिक्यांसाठी अडथळा गुडघ्याएवढा असतो. ऑलिंपिकच्या मैदानावर तो १.६० मीटरच्या घरात जातो. म्हणजे घोड्याने एकच उंच झेप घेऊन प्रेक्षकांना थक्क करावे, अशी येथे अपेक्षा नसते. त्याने तोल सांभाळून, सवाराचे ऐकून, एकामागून एक दहा-बारा उड्या घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच निरोगी पायांनी उभे राहावे, अशी असते. खरेदीदाराने हा भेद विसरला, तर पुढचा सारा खर्च वाया जातो.

घोडा हा या भूमीला परका नाही

हुबळी-धारवाडच्या इतिहासाला घोड्याच्या टापांचा आवाज नवा नाही. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने धारवाडच्या किल्ल्याला कित्येक महिने वेढा देऊन तो टिपूच्या किल्लेदाराकडून घेतला, तेव्हा ह्याच काळ्या-तांबड्या माळांवर मराठी घोडदळाचे तळ पडले होते. त्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद असे. शिलेदाराचा घोडा हीच त्याची मालमत्ता. घोडा पडला, की शिलेदाराची पत बसली. म्हणूनच घोडा पारखून घेण्याची विद्या ही हौसेची बाब नव्हती. ती पोटाची बाब होती.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट जवळजवळ ४५ टक्क्यांची होती. टांगे गेले, ओझ्याची कामे टेंपोने घेतली. घोड्यांबरोबर नालबंद गेले, मोतद्दार गेले आणि घोडा फिरवून तयार करणारे चाबूकस्वारही गेले. अशा वेळी गावाकडे उडीचा घोडा शोधणाऱ्याला केवळ घोडा शोधावयाचा नसतो, तर विरत चाललेले ज्ञानही शोधावे लागते.

घोडे मिळतात कोठे

दख्खनच्या पठारावर घोड्यांची खरेदी-विक्री आजही प्रामुख्याने यात्रांतून होते. पंढरपूरची कार्तिकी, सोलापूर जिल्ह्यातच दिवाळीच्या सुमारास भरणारा अकलूजचा घोडेबाजार, नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा, ही त्यांतील ठळक नावे होत. येथे राजस्थान, गुजरात, पंजाब व उत्तर प्रदेशापासून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी आणि पांढरेशुभ्र नुकरा घोडे यांचा येथे मान मोठा.

मात्र यात्रेतील भाव ज्या गुणांवर ठरतो, ते गुण आणि उडीला लागणारे गुण पुष्कळ अंशी भिन्न आहेत. तेथे किंमत मिळते ती उंचीला, रंगाला, कानांच्या वळणाला, रवाल चालीला आणि ढोलाच्या तालावर नाचण्याला. पंचकल्याणी घोडा दिसला की गर्दी जमते. अंगावरच्या भोवऱ्यांची तर बारकाईने मोजदाद होते. अमुक ठिकाणची भोवरी धन्याला भाग्याची, तमुक ठिकाणची घराला घातक, असे ठोकताळे सांगितले जातात आणि त्यांच्यापायी एखादा उत्तम पायांचा घोडा कवडीमोलाने जातो. उडीच्या घोड्याच्या शोधात निघालेल्या सुज्ञ खरेदीदाराला हीच संधी असते. ज्या भोवरीमुळे इतरांनी घोडा नाकारला, ती भोवरी अडथळ्यापुढे काहीच बिघडवत नाही. भोवऱ्यांचा एक उपयोग मात्र खरा आहे. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे त्या घोड्याची ओळख पटविण्यास कामी येतात, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या घोड्यांच्या पारपत्रातही त्या रेखाटलेल्या असतात.

नाचविलेल्या घोड्याविषयी येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. दीड-दोन वर्षांच्या शिंगराला मागच्या पायांवर उभे करून नाचविले, तर त्याच्या कोवळ्या सांध्यांवर व कमरेवर ताण पडतो. यात्रेत जे पाहून टाळ्या पडतात, त्याचीच किंमत पुढे लंगडेपणाने मोजावी लागण्याचा धोका असतो.

यात्रांखेरीज दुसरा मार्ग म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे. हुबळीहून पुणे एकीकडे व बंगळूर दुसरीकडे, दोन्ही राष्ट्रीय महामार्गाने चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर आहेत. वेगात कमी पडलेला घोडा शर्यतीच्या मालकाला नकोसा होतो, परंतु तो उडीला निरुपयोगी असतोच असे नाही. ह्या घोड्यांचा मोठा लाभ असा की, त्यांची वंशावळ, जन्मवर्ष व ओळख ही पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ह्या संस्थेच्या दप्तरी नोंदलेली असते. तोटा असा की, पुढच्या पायांच्या शिरा शर्यतीत दुखावलेल्या असू शकतात, आणि लगाम खेचला की धावावयाचे एवढेच त्याला ठाऊक असते. अशा घोड्याला काही महिने विश्रांती व नंतर धीराने नवे शिक्षण द्यावे लागते.

तिसरा मार्ग सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत जवळचा. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू एके काळी मराठी घोडदळाचा कणा होते. आज ते मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर, पाठीवर संसार घेऊन, माळ-ओढे तुडवीत हिंडताना दिसते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ च्या सुमारास भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. हे जनावर चणीने लहान आहे. उंच अडथळ्यांच्या स्पर्धा त्याने जिंकाव्यात, ही अपेक्षा गैर ठरेल. परंतु शाळकरी सवाराला साठ-सत्तर सेंटिमीटरच्या अडथळ्यांवर पहिले धडे द्यावयाचे असतील, तर कणखर खुरांचे, थोड्या चाऱ्यावर निभावणारे व माणसांत वाढलेले हे तट्टू खरोखर विचारात घेण्यासारखे आहे. लहान चणीमुळे कमीपणा येतोच असे नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॅरियन कोक्स ह्या इंग्रज तरुणीने वैयक्तिक रौप्यपदक मिळविले, ते 'स्ट्रोलर' नावाच्या तट्टावर बसून. त्याची उंची जेमतेम पावणेपाच फूट होती.

गुण कोठे दडलेला असतो

उडीचा गुण नावावरून किंवा किमतीवरून कळत नाही, याची जगातील दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९५६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यू हॉलंड येथील जनावरांच्या बाजारात हॅरी डी लेयर नावाचा घोडेस्वारीचा शिक्षक उशिरा पोहोचला. बाजार उठला होता. उरलेले घोडे खाटिकखान्याच्या गाडीत चढविले होते. त्यांतला एक नांगराचा पांढुरका घोडा त्याने ८० डॉलरला सोडवून घेतला. पुढे तो शेजारच्या एका डॉक्टरांना विकला, तर घोडा मधली कुंपणे ओलांडून वारंवार डी लेयरच्या दारी परत येऊ लागला. त्या कुंपणांनीच त्याचा गुण जगजाहीर केला. 'स्नोमॅन' या नावाने तो घोडा १९५८ साली अमेरिकेतील उडीच्या स्पर्धांचा विजेता ठरला.

दुसरे उदाहरण चिली देशातील 'हुआसो' या घोड्याचे. शर्यतीत तो अपयशी ठरला होता. त्याच घोड्याने ५ फेब्रुवारी १९४९ रोजी, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, कॅप्टन अल्बर्टो लाराग्विबेल यांच्यासह २.४७ मीटरची उडी घेतली. तो विक्रम अद्याप मोडलेला नाही.

या गोष्टींवरून कोणताही स्वस्त घोडा घ्यावा व दैवावर हवाला ठेवावा, असा अर्थ मात्र काढू नये. डी लेयरने निवड केली ती जाणत्या नजरेने, आणि हुआसोला तयार करण्यात वर्षे गेली. यातून घेण्याजोगा बोध एवढाच की, उडी पुष्कळ अंशी शिकविता येते. पण खूर, पाय, पाठ आणि स्वभाव हे विकत घेतानाच चांगले घ्यावे लागतात. शिक्षणाने ते मागाहून येत नाहीत.

पारख करण्याची रीत

तेव्हा परीक्षा खुरांपासून सुरू करावी. खूर भेगाळलेले, एक लहान एक मोठा असे नसावेत. पुढच्या पायांच्या मागील शिरा हाताने चाचपाव्यात. एका पायाची शीर दुसऱ्यापेक्षा गरम वा जाड लागली, तर तेथे थांबावे. घोडा कठीण जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून पाहावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो. ही खूण लपविता येत नाही. दातांवरून वय अजमावता येते. पाचव्या वर्षी पुढचे सर्व दात पक्के झालेले असतात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ उभी खाच दिसू लागली, तर घोडा दहाच्या घरात आला असे समजावे.

नंतर स्वभाव. घोडा पागेत असताना, विक्रेत्याला ऐनवेळी कळवून, शक्य तर सकाळी पाहावा. आधीच फिरवून दमविलेला घोडा शांत भासतो. सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलणारा, गव्हाण चावून वारा गिळणारा घोडा टाळलेला बरा. त्याच्या पाठीवर आधी विक्रेत्याच्या माणसाने बसावे, मग खरेदीदाराने; आणि शिरस्त्राणावाचून कोणीही बसू नये.

शेवटी उडी. कुंपणाच्या आत, पाठीवर ओझे नसताना, घोड्याला जमिनीवर ठेवलेली एक काठी, नंतर गुडघ्याएवढा अडथळा, एवढेच ओलांडू द्यावे. तो किती उंच उडतो हे पाहण्याचे कारण नाही. अडथळा दिसताच कान टवकारून तो न्याहाळतो काय, पुढचे गुडघे घडी घालून सारखे उचलतो काय, पाठीची कमान करतो काय, आणि काठी लागल्यास पुढच्या खेपेस अधिक जपतो काय, हे पाहावे. जो घोडा चुकीतून शिकतो, तो घेण्यासारखा. जो भयाने उधळून उंच उडतो, त्याची उडी पाहणाऱ्याला भुरळ घालते, पण नवशिक्या सवाराला तोच रुग्णालयात पोहोचवितो. चार वर्षांखालील घोड्याला सवारासह उडी घ्यावयास लावू नये.

पशुवैद्यकाचा दाखला व रोगाचे भय

एवढी पारख झाल्यावरही पैसे मोजण्यापूर्वी घोडा पशुवैद्यकाकडून तपासून घेणे अनिवार्य समजावे. हा पशुवैद्यक खरेदीदाराने निवडलेला असावा, विक्रेत्याने सुचविलेला नसावा. डोळे, हृदय, श्वास तपासावा. पायाचा सांधा मिनिटभर दुमडून धरून लगेच घोडा पळवावा व लंगडतो काय हे पाहावे. वेदनाशामक औषध टोचून लंगडेपणा दडविण्याची लबाडी होऊ शकते. किंमत मोठी असेल तर रक्ताचा नमुना घेणे शहाणपणाचे.

याहून गंभीर बाब ग्लँडर्स ह्या रोगाची. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी व व्रण ही त्याची लक्षणे. हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसाला होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. घोड्यासाठी त्यावर उपचार केले जात नाहीत; रोगग्रस्त घोडा वेदनारहित रीतीने नष्ट करावा लागतो. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये या रोगाची वर्दी देणे बंधनकारक आहे. ज्या यात्रेत निरनिराळ्या प्रांतांचे शेकडो घोडे एकाच हौदावर पाणी पितात, तेथून रक्तचाचणीवाचून घोडा आणणे म्हणजे सबंध गावाच्या जनावरांशी व स्वतःच्या घरातील माणसांशी जुगार खेळणे होय. या चाचणीसाठी नमुने घेण्याची व्यवस्था पशुसंवर्धन खात्यामार्फत होते, आणि हरियाणातील हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही या विषयातील देशातील प्रमुख संस्था आहे. नवा घोडा आणल्यावर त्याला दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळे ठेवावे. त्याचा तोबरा, बादली व खरारा हेही वेगळे असावेत.

व्यवहार चोख असावा

यात्रेत रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविण्याची रीत जुनी आहे. तिच्यात रंगत असेल, पण पुरावा नसतो. मोगली फौजेतही घोड्याला डाग देऊन त्याचे वर्णन दप्तरी टिपून ठेवीत असत. आजच्या खरेदीदाराने त्याहून मागे राहू नये. घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा, भोवऱ्या, वय, ठरलेली किंमत आणि विक्रेत्याने सांगितलेले गुणदोष हे सर्व कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. आरोग्य-दाखल्यावाचून घोडा गाडीत चढवू नये. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांतही पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्राची अट आहे. पुढे स्पर्धेत उतरावयाचे असल्यास १९६७ साली स्थापन झालेल्या भारतीय अश्वारोहण महासंघाच्या नोंदणीची माहिती आधीच करून घ्यावी.

या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. गावाकडील घोडेवाला हा बहुधा लबाड नसतो. त्याला आपल्या मालाचे मोल ठाऊक नसते, एवढेच. पिढ्यान्‌पिढ्या घोडे राखणाऱ्या कुटुंबाने शिंगराच्या जन्माची तारीख, आई-बाप, लसीकरण आणि पशुवैद्यकाच्या भेटी एका वहीत लिहून ठेवल्या, शिंगराला नाचविण्याऐवजी हाताळणी व नालबंदीची सवय लावली, तर ती वही त्याला योग्य भाव मिळवून देईल. ज्या खरेदीदाराला घोड्याचा गुण कळला आहे, त्याने विक्रेत्याच्या अज्ञानाचा लाभ घेऊन जनावर मातीमोलाने उचलू नये. रास्त दाम मिळाला तरच तो घोडेवाला पुढचे शिंगरू वाढवील. न मिळाल्यास पुढच्या पशुगणनेत आकडा आणखी खाली जाईल.

घरी आणल्यावरची जबाबदारीही आधीच हिशेबात धरावी. हुबळीकडील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते. तिच्यावर उड्या घेतल्यास पाय लवकर निकामी होतात. म्हणून वाळू मिसळलेली, पाण्याचा निचरा होणारी जागा तयार करावी. साडेचारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी सात ते नऊ किलो कोरडा चारा व मुबलक स्वच्छ पाणी लागते. चारा-चंदी एकदम बदलल्यास पोटशूळ होऊन घोडा दगावू शकतो, आणि कोवळी ज्वारी तर त्याच्यापुढे मुळीच टाकू नये. नालबंद दर दीड महिन्याने यावयास हवा. तो जवळपास नसेल, तर घोडा घेण्यापूर्वी त्याची सोय लावावी.

या कर्नाटक राज्यातच या खेळाची थोर परंपरा तयार होत आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी अश्वारोहणाच्या त्रिविध स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला ३६ वर्षे वाट पाहावी लागली. २०१८ मध्ये जकार्ता येथे बंगळूरच्या फवाद मिर्झा यांनी रौप्यपदक मिळवून ती संपविली, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ते तेविसावे आले. त्यांचे घोडे परदेशी होते, हे खरे; एवढ्या खर्चाची ऐपत धारवाडच्या सामान्य कुटुंबाची नसते. परंतु घोड्यावर विश्वासाने बसण्याचा पहिला धडा एखाद्या गावच्या घोड्यावरही घेता येतो. तो घोडा निरोगी पायांचा, शांत स्वभावाचा आणि प्रामाणिक व्यवहाराने घेतलेला असावा. असा घोडा हेरण्यास दोन यात्रा आणि सबंध एक वर्ष लागले, तरी खरेदीदाराने घाई करू नये. घाईने घेतलेल्या घोड्याचे ओझे पुढे पंधरा-वीस वर्षे वाहावे लागते.